प्रस्तावना : मावळतीची साक्ष

नोव्हेंबर 1883 च्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पोकीप्सी आणि न्यू हेवन या गावांत आगीचे बंब बाहेर काढावे लागले. सूर्य मावळून बराच वेळ झाला होता, तरी पश्चिमेचं आकाश पेटलेलं होतं. क्षितिजापलीकडे कुठंतरी मोठी आग लागली आहे, अशी लोकांची खात्रीच झाली. बंब निघाले, पण आग काही सापडली नाही.

ती आग तीन महिन्यांपूर्वी आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडे लागून गेली होती. 27 ऑगस्ट 1883 रोजी सकाळी, जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ हे ज्वालामुखी बेट फुटलं. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे 4,800 किलोमीटर अंतरावर, तो आवाज दूरवर तोफा डागाव्यात तसा ऐकू गेला. खवळलेल्या समुद्रानं किनाऱ्यावरची गावंच्या गावं धुऊन नेली आणि 36,000 हून अधिक माणसांचा बळी गेला. बेटाच्या पोटातून उसळलेले वायू आणि राख वातावरणात फार उंच चढली आणि तिथल्या वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर पसरली. अमेरिकेतल्या त्या गावांना दिसली ती या राखेची आणि वायूंची लाली.

हे पुस्तक अशा संध्याकाळींबद्दल आहे. एरवीचा सूर्यास्तही सुंदरच असतो. पण कधीकधी मावळतीला असं काही घडतं की रस्त्यानं चाललेला माणूस थांबतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, “हे काय आहे?” त्या प्रश्नाला नीट उत्तर मिळावं, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : हवा आपल्याला दिसत नाही, पण तिच्यात काय मिसळलंय, किती उंचीवर आणि किती बारीक, हे ती रोज दोनदा, उगवतीला आणि मावळतीला, रंगांतून सांगत असते. ही साक्ष समजून घेण्यासाठी फार शिकावं लागत नाही. लक्ष देऊन पाहावं लागतं आणि पाहिलेलं लिहून ठेवावं लागतं.

या विषयाकडे मी कसा वळलो, तेही सांगायला हवं. 1991 सालचा पावसाळा सरल्यानंतरची गोष्ट. आम्ही तेव्हा रत्नागिरीला राहत होतो. दिवेलागण झाली होती, आईनं तुळशीपुढे दिवा लावला आणि ती घरात यायला वळली, तोच अंधारत चाललेलं अंगण पुन्हा उजळलं. भिंतीवर, रांगोळीवर, आजीच्या पांढऱ्या केसांवर जांभूळसर गुलाबी उजेड पसरला. आजी ओटीवरून म्हणाली, “अगो, दिवस परत वर येतोय की काय?” आम्ही सगळे अंगणात उभे राहून पाहत राहिलो. थोड्या वेळानं तो उजेड विरून गेला. दुसऱ्या दिवशी कुणी त्याबद्दल बोललंही नाही.

त्याच वर्षी 15 जून रोजी फिलिपिन्समधल्या माउंट पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला होता आणि सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू आकाशात उंच गेला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान त्यामुळे साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. आमच्या अंगणात पडलेला गुलाबी उजेड त्या पिनाटुबोचाच होता, असं मी आज मानतो. खात्रीनं सांगायचं तर तारीख हवी, वेळ हवी, लाली किती मिनिटं टिकली ते हवं. त्यातलं काहीच माझ्यापाशी नाही. ही रुखरुख या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

नेहमीपेक्षा वेगळं ओळखायचं तर आधी नेहमीचं ठाऊक हवं. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. हवेच्या रेणूंवर पडून तो चहूकडे विखुरतो. शाळेच्या पुस्तकात आपण यालाच विकिरण म्हणून शिकलो. पुढे लॉर्ड रॅले या नावानं ओळखले गेलेले जॉन विल्यम स्ट्रट यांनी 1871 मध्ये दाखवून दिलं, की तरंगलांबी निम्मी झाली तर हे विखुरणं सोळा पट वाढतं. म्हणून निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा साधारण पाच-सहा पट जास्त विखुरतो, आणि दिवसा ज्या दिशेला पाहावं त्या दिशेनं निळाई डोळ्यांत येते. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याच्या किरणांना, माथ्यावर असतानाच्या सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. एवढ्या वाटेत निळा रंग गळून जातो आणि पिवळा, नारिंगी, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो.

रोजच्या या दृश्यातही नवल आहे. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि क्षितिजावरची वस्तू सुमारे अर्धा अंश वर उचललेली दिसते. सूर्यबिंबाची रुंदीही साधारण अर्धाच अंश. म्हणजे सूर्याची खालची कड समुद्राला टेकलेली दिसते, त्या क्षणी सरळ रेषेत पाहिलं तर सगळा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. नंतरच्या दोन-अडीच मिनिटांत बुडताना दिसतं ते बिंब हवेनं आपल्यासाठी धरून ठेवलेलं असतं. त्यानंतर दिवेलागणीला डोक्यावरचं आकाश गडद निळं होतं, त्याचं कारणही दिवसाच्या निळाईपेक्षा निराळं. उंचावरचा ओझोन वायू प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो, म्हणून ती निळाई येते, हे एडवर्ड हलबर्ट या शास्त्रज्ञानं 1953 मध्ये दाखवलं.

आता ज्वालामुखीनंतरच्या संध्याकाळींकडे येऊ. सल्फर डायऑक्साइड वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर पोचला की त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. त्या उंचीवर पाऊस नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली दर चार-साडेचार मिनिटांना एक अंश उतरतो. आपल्या अंगणात अंधार पडला तरी वीस किलोमीटरवरच्या त्या थराला सूर्य अजून दिसत असतो, आणि त्याच्यापर्यंत पोचणारा प्रकाश लांबची वाट तुडवून तांबडा झालेला असतो. थरानं खाली पाठवलेली ही तांबडी आभा वरच्या निळाईत मिसळते आणि जांभळट गुलाबी होते. म्हणून ही लाली सूर्यास्ताबरोबर न येता पंधरा-वीस मिनिटांनी, नेहमीचे रंग विझल्यावर येते. आजीला दिवस परत वर येतोय असं वाटलं, ते अगदी रास्त होतं.

क्राकाटोआनं तांबड्याखेरीज आणखी रंग दाखवले. सप्टेंबर 1883 मध्ये श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात सूर्य हिरवा, निळसर दिसत होता. मद्रासमधले प्राध्यापक चार्ल्स मिची स्मिथ यांनी तो हिरवा सूर्य वर्णपटदर्शकातून तपासला आणि त्याचं टिपण प्रसिद्ध केलं. हेच मिची स्मिथ पुढे कोडाइकनाल इथल्या सौर वेधशाळेचे पहिले संचालक झाले. हवेतले कण बहुतेक एकाच मापाचे आणि साधारण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे असले, तर नेहमीचा नियम उलटतो आणि निळ्याऐवजी तांबडा रंग जास्त विखुरतो. मग सरळ येणाऱ्या उजेडात निळा-हिरवा तेवढा उरतो. सप्टेंबर 1950 मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून ब्रिटनवर आला, तेव्हा तिथंही सूर्य आणि चंद्र निळे दिसले होते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या 1883 च्या नोंदी. होनोलुलूत सेरेनो बिशप या धर्मोपदेशकाला 5 सप्टेंबर रोजी सूर्याभोवती धुरकट, कडेला तांबूस होत जाणारं वलय दिसलं आणि त्यानं ते तारखेसह लिहून ठेवलं. आज त्या वलयाला त्याचंच नाव आहे. लंडनमध्ये विल्यम अॅस्क्रॉफ्ट हा चित्रकार थेम्स नदीकाठी उभा राहून दर काही मिनिटांनी खडूंनी आकाश रंगवत राहिला. रंगीत छायाचित्रण तेव्हा रूढ झालेलं नव्हतं. त्याची पाचशेहून अधिक रेखाटनं हाच त्या संध्याकाळींचा रंगीत पुरावा. जहाजांचे कप्तान, शिक्षक, तारखात्यातले लोक यांनी जिथं जे दिसलं ते कळवलं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं ही पत्रं गोळा केली, तारखा नकाशावर मांडल्या आणि 1888 मध्ये मोठा अहवाल छापला. त्यातून दिसलं, की राखेचा पट्टा विषुववृत्तावरून पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून आला होता. त्या उंचीवर एवढा वेगवान वारा वाहतो, हे तोवर माणसाला माहीत नव्हतं. तिथं ना विमान पोचलं होतं, ना यंत्र लावलेला फुगा. संध्याकाळी दारात उभं राहून आकाश पाहणाऱ्या माणसांनी तो वारा शोधला.

इथं एक समजूत दुरुस्त करायला हवी, कारण ती आपल्या शहरांत फार पसरली आहे. हवेत धूर-धूळ जास्त असेल तर सूर्यास्त जास्त रंगतो, असं पुष्कळ जण सांगतात. प्रत्यक्षात जमिनीलगतच्या दाट धुरक्यात आणि मोठ्या धूलिकणांत सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. त्यामुळे आकाश मळकट होतं आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच फिक्या नाण्यासारखा विरून जातो. जानेवारी 2022 मध्ये एकाच महिन्यात याच्या दोन्ही बाजू दिसल्या. 15 तारखेला प्रशांत महासागरातल्या टोंगाजवळ समुद्राखालचा हुंगा टोंगा ज्वालामुखी फुटला. त्याचा लोट 57 किलोमीटरपर्यंत चढला आणि नंतर दक्षिण गोलार्धात जांभळट संध्याकाळी दिसल्या. त्यानंतर साधारण आठवडाभरानं पाकिस्तानकडून आलेल्या धुळीनं मुंबईचं आकाश झाकोळलं. इथं दिवसभर सूर्य पांढुरका होता आणि संध्याकाळ रंगाविनाच गेली. बारीक कण आणि तेही उंचावर, असं असेल तर रंग. जाड कण आणि तेही आपल्या नाकापाशी, तर मळभ. पावसाची सर येऊन गेल्यावर पश्चिमेला ढग फाटतो आणि सगळं गाव पिवळ्या उजेडात न्हाऊन निघतं, तो धुतलेल्या हवेचा चमत्कार. म्हणून आपल्या शहरातला सूर्यास्त वर्षानुवर्षं फिका होत चालला असेल, तर तीही एक तक्रार समजावी आणि गांभीर्यानं घ्यावी.

पुस्तकाचा पुढचा भाग संध्याकाळच्या चौकटीबाहेर जातो, कारण प्रकाशाचे खेळ सूर्यास्तापुरते नसतात. चंद्राला खळं पडलं की पाऊस जवळ आला, असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात. हे खळं उंचावरच्या पातळ ढगांतल्या षट्‌कोनी हिमस्फटिकांमुळे पडतं. खाली अंगाची काहिली होत असताना दहा किलोमीटरवर बर्फ असतो, हे त्या कड्यावरून कळतं. त्याची त्रिज्या सुमारे 22 अंश, म्हणजे हात लांब करून धरलेली एक वीत. अंगठा चंद्रावर ठेवला तर करंगळी कड्यावर येते. 24 मे 2021 रोजी बंगळूरकरांनी भर दिवसा सूर्याभोवती असंच खळं पाहिलं. चंद्राला अगदी चिकटून दिसणारं लहानसं रंगीत वलय मात्र निराळं. ते पाण्याच्या थेंबांचं काम.

सह्याद्रीच्या माणसाला जवळचं वाटेल असं प्रकरण इंद्रवज्राचं आहे. पावसाळ्याच्या आगेमागे सकाळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहावं, पाठीशी सूर्य असावा आणि खाली दरीत धुकं भरलेलं असावं. मग त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी पूर्ण वर्तुळ उमटतं. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी या गडावर पाहिलेल्या अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन दख्खनच्या हवामानावरच्या आपल्या लेखात केलं आणि तो लेख 1835 मध्ये रॉयल सोसायटीनं छापला. कड्यावर दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवतीचं वलय दिसतं. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावर 1894 मध्ये असंच वलय पाहून सी. टी. आर. विल्सन या तरुणाला प्रयोगशाळेत ढग तयार करावासा वाटला. त्यातून जे उपकरण घडलं त्यानं अणूहून लहान कणांच्या वाटा माणसाला पहिल्यांदा डोळ्यांनी दाखवल्या, आणि 1927 मध्ये विल्सन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे हिरवी ठिणगी. हवा तांबड्यापेक्षा हिरवा-निळा प्रकाश किंचित जास्त वाकवते, म्हणून बुडत्या सूर्याच्या वरच्या कडेला हिरवी किनार असते. निळा वाटेतच विखुरतो. क्षितिज स्वच्छ असेल आणि समुद्रावरच्या हवेचे थर जुळून आले, तर अगदी शेवटच्या क्षणी, एखाद-दोन सेकंद, ती कड पाचूसारखी चमकते. ज्यूल व्हर्न यांनी 1882 मध्ये या किरणाच्या शोधात निघालेल्या माणसांवर कादंबरी लिहिली. पावसाळा ओसरल्यावर, हवा धुतलेली असताना, आपल्या किनाऱ्यावरून हा शोध कुणालाही घेता येईल.

आणि सूर्य बुडाला की गर्दी पाठ फिरवून निघते, तेव्हा थोडं थांबून पूर्वेकडे पाहावं, अशी माझी खास विनंती आहे. सिंहगडासारख्या उंच जागेवरून ते उत्तम दिसतं. पूर्वेच्या क्षितिजावर करड्या निळ्या रंगाचा एक पट्टा हळूहळू वर चढतो, त्याच्या माथ्यावर गुलाबी काठ असतो. ती पृथ्वीची सावली. आपण जिच्यावर उभे आहोत तिची सावली हवेवर पडलेली पाहायला मिळावी, यासाठी ना ज्वालामुखी लागतो ना प्रवास.

आपल्या पूर्वजांनी हे सगळं पाहिलं होतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत संध्याकाळच्या रंगांवर, परिवेषावर म्हणजे खळ्यावर, इंद्रधनुष्यावर आणि प्रतिसूर्यावर, म्हणजे सूर्याजवळ दिसणाऱ्या आभासी सूर्यावर, वेगवेगळे अध्याय आहेत. त्या काळी या खुणांवरून पावसाचं आणि राज्याचं भविष्य सांगत. आज आपण तसा अर्थ लावत नाही. पण एका दृश्याला दुसऱ्यापासून वेगळं ओळखणं, त्याला नाव देणं आणि रंग-दिशा-काळ यांसह त्याचं वर्णन करणं, ही शिस्त आपल्या परंपरेत होती. भाषेतही ती उरली आहे. तांबडं फुटणं, झुंजूमुंजू, दिवेलागण, तिन्हीसांजा, कातरवेळ : उजेडाच्या एकेका पायरीला आपण शब्द दिला. म्हणून या पुस्तकात शक्य तिथं हेच शब्द वापरले आहेत.

पुस्तक वापरायचं कसं, याबद्दल थोडं. प्रत्येक प्रकरणात एक दृश्य, त्याचं कारण आणि ते कधी-कुठे दिसू शकेल, असा क्रम आहे. अंश मोजायला यंत्र नको. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश, वीत म्हणजे वीस-बावीस. सूर्य झगझगीत असताना त्याच्याकडे कधीही पाहू नये, आणि दुर्बिणीतून तर तो मावळतीलाही पाहू नये. खळं पाहताना सूर्य खांबाआड किंवा हाताआड झाकावा. मोबाइलनं छायाचित्र जरूर काढावं, पण त्याच्या रंगांवर विसंबू नये, कारण यंत्र आपल्या हिशेबानं रंग बदलतं. वहीत चार ओळी लिहाव्यात : तारीख, ठिकाण, सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी काय दिसलं, आणि ते कधी विझलं.

रंग पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात राहावी असं मला वाटतं. 1883 च्या हिवाळ्यात जगानं ज्या संध्याकाळी डोळे भरून पाहिल्या, त्यांच्या मागे सुंदा सामुद्रधुनीच्या काठची हजारो घरं होती. आमच्या अंगणात उतरलेल्या गुलाबी उजेडामागेही फिलिपिन्समधली राखेखाली दबलेली शेतं होती. म्हणून आनंद कमी करावा असं नाही. पण त्या उजेडाला गाव असतं, तारीख असते, आणि ती लिहून ठेवणं हे त्या माणसांचा थोडासा मान राखणं आहे.

आजी आज नाही. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते या पानांतून देतो आहे. फक्त त्या संध्याकाळची तारीख माझ्या वहीत नाही. वाचकाच्या वहीत पुढची असावी.